लांडगा पुरवणीच्या पहिल्या पानावरचं नाव

मी, विशाखा नरहरराव मुखेडकर, वय वर्षे ६६, निवृत्त प्राध्यापिका (प्राणिशास्त्र), अविवाहित, राहणार श्रीनगर, नांदेड, हे मृत्युपत्र आज दिनांक ११ नोव्हेंबर २०२५ रोजी स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजची तारीख विचारली, तेव्हा त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून ऑक्टोबरवरच असल्याचं मी त्यांना दाखवलं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही, कारण दडपण आणू शकतील अशा माणसांशी मी केव्हाच बोलणं सोडलं आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं आहे. टेबलावर झोपवलेला माणूस उठतोच असं नाही, म्हणून ही लिखापढी.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी जुनं म्हणून काही पुढे केलं तर ते बनावट समजावं, आणि पुढे करणारा माझा भाऊ रेणुकादास आहे का हे आधी बघावं.

मिळकत बेताची आहे आणि तिचं काय होतं याची मला फारशी फिकीर नाही. फिकीर एकाच गोष्टीची आहे. 'लांडगा' या नावाची एक पुस्तिका आहे, ती मी लिहिली, आणि तिच्यावरून माझं नाव काढून टाकलेलं आहे. ते परत यायला हवं. बाकी सगळी कलमं मी त्या एका कलमासाठी लिहीत आहे.

कलम १. वारस. मला नवरा-मुलं नाहीत. आईवडील गेले. उरला तो धाकटा भाऊ, रेणुकादास नरहरराव मुखेडकर, राहणार लातूर, आणि त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, यज्ञेश. या दोघांना माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. हे नजरचुकीने राहिलेलं नाही, विचार करून वगळलेलं आहे. कारणं लिहिण्याची गरज नसते, असं वकील म्हणाले. गरज नसेल, मला हौस आहे.

रेणुकादासचं कारण आधी, कारण ते लहान आहे. माझ्या निवृत्तीच्या जेवणाला, साठ माणसांसमोर, हातात जिलबी घेऊन तो म्हणाला, ताई, आता फ्लॅट यज्ञेशच्या नावावर करून टाक, तुला मागेपुढे कोण आहे? तोवर तेच माझ्या मनात होतं. त्याने बोलून घालवलं. शिवाय गेली तेरा वर्षं तो सगळ्या गोतावळ्यात सांगत हिंडतो की आमची ताई भुताखेतांचे खेळ खेळते. खेळ त्याने एकदाही पाहिलेला नाही. स्वतः गायीची धार कोणत्या बाजूने काढतात हे ज्याला सांगता यायचं नाही, त्याने नाकाने कांदे सोलू नयेत.

यज्ञेशचं कारण मोठं आहे. ते कलम ७ मध्ये येईल.

कलम २. खेळाविषयी. हे कलम न्यायाधीशांसाठी आहे, कारण रेणुकादास हे प्रकरण कोर्टात नेणारच. खेळ असा. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी तलवारबाज, कोणी वैदू, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, तुम्ही अमुक जंगलात आहात, पुढे नदी आहे. पात्रं काय करायचं ते ठरवतात आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. यात पैसे लावत नाहीत. या खेळांची जाडजूड पुस्तकं असतात, आणि त्या पुस्तकांना जोडून वापरायच्या पुरवण्या असतात. कोणी किल्ल्यांची पुरवणी काढतं, कोणी जादूची. आम्ही जनावरांच्या काढल्या.

यज्ञेश २०१२ साली इंजिनिअरिंगला नांदेडला होता आणि माझ्याकडे राहत होता. रविवारी त्याचे मित्र जमायचे. एकदा माणूस कमी पडला म्हणून मला बसवलं. यज्ञेश सूत्रधार होता. त्याने आमच्यावर एक लांडगा सोडला. आम्ही त्याला दोन बाण मारले, एक पाय तोडला, तरी लांडगा आपला भांडतोच आहे. मी विचारलं, हा पळून का जात नाही? यज्ञेशने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, याच्यात पळणं लिहिलेलंच नाही."

त्या पुस्तकात लांडग्याची ताकद लिहिली होती, चावा लिहिला होता, मेल्यावर त्याच्या कातड्याचं काय मिळतं तेही लिहिलं होतं. पस्तीस वर्षं मी पोरांना प्राणी शिकवले. मला त्या पानाचा इतका राग आला की त्याच आठवड्यात मी नवी वही घातली.

आमच्या पुरवणीत प्रत्येक जनावराला पाच आकडे असतात: भूक, भीती, पिल्लं, वाट आणि सवय. भीतीचा आकडा भुकेच्या वर गेला की जनावर निघून जातं आणि खेळणाऱ्यांना त्याला अडवता येत नाही. पिल्लं जवळ असली तर हिशेब बदलतो. एवढंच. पण हे आकडे मनाने टाकायचे नाहीत, हा माझा नियम. जनावराला एखादी गोष्ट करताना मी स्वतः तीनदा पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर ठिकाण हवंच. विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगायचे. ठिकाण नसलेली नोंद मी न वाचता परत करत असे.

अशा चार पुरवण्या झाल्या: गाय-बैल, घोरपड, तरस आणि वटवाघूळ. मराठीत मी लिहायचे, यज्ञेश इंग्रजी करायचा, आणि दोन्ही छापून व इंटरनेटवरून जायच्या. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आमचा लाल कंधारी बैल खेळत होती. पाचवी पुरवणी लांडग्याची.

पुण्याच्या एका संमेलनात एका गृहस्थाने मला सुचवलं होतं की देवणी बैलाला थोडी आग ओकता आली तर खप वाढेल. त्या गृहस्थाला मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. त्याचं नाव मला आठवत नाही, पण त्याला कळेल.

कलम ३. जनावराची खुर्ची. आमच्या टेबलाला एक खुर्ची जास्त असायची. लोखंडी, घडीची, बसायला वाईट. तिच्यात बसेल त्याने जनावर व्हायचं. त्याने माणसाचं एक अक्षर बोलायचं नाही आणि जिंकायची हौस धरायची नाही. त्या जनावराला जे हवं तेवढंच मागायचं. छापण्याआधी प्रत्येक पुरवणी आम्ही अशी खेळून बघायचो, आणि खुर्चीत शक्यतो ते जनावर ज्याच्या दारात असतं त्यालाच बसवायचो.

ही खुर्ची मी श्रीमती कस्तुराबाई, शेलवाडी, तालुका कंधार, यांना देते. कस्तुराबाई आणि त्यांचे मालक अण्णाराव हे शेलवाडीचे शेतकरी. लांडगे मी त्यांच्या माळावर पाहिले. कस्तुराबाई गाय होऊन बसल्या तेव्हा पाऊण तास वाटेतून हलल्या नाहीत. पोरांनी काठी उगारली, चारा दाखवला, फासे टाकले. शेवटी सगळी तलवारबाज मंडळी ओढ्यातून वळसा घालून गेली. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "वासरू मागं ऱ्हायलं होतं. तुमी कुणी इचारलंच न्हाई." गाय-बैल पुरवणीतला पिल्लांचा आकडा त्या दिवशी मी दोनाने वाढवला. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, पण डोकं त्यांच्याकडे होतं.

कलम ४. श्रीनगरचा फ्लॅट, त्यातील सामानासह, कु. बुद्धप्रिया हिला द्यावा. ही माझी विद्यार्थिनी. पाचही पुरवण्यांची चित्रं तिची आहेत. तरसाचे मागचे पाय पुढच्यापेक्षा आखूड असतात हे तिने मी सांगण्याआधी काढून दाखवलं होतं. तिला एक दोष आहे, ती फार उशिरा चित्रं देते. फ्लॅट मिळाल्यावर तरी वेळेवर द्यावीत.

कलम ५. दुर्बीण आणि स्कूटर अण्णारावांना द्यावी. स्कूटरचा ब्रेक डावीकडचा लागत नाही, हे त्यांना माहीत आहे. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या क्रियाकर्माचा खर्च भागवावा आणि उरेल ते कस्तुराबाईंना द्यावं. क्रियाकर्म साधं करावं. रेणुकादासने भाषण करू नये.

कलम ६. वह्या. तेरा वर्षांच्या एकूण एकवीस वह्या लोखंडी कपाटात आहेत. त्यातल्या नऊ खोकडाच्या आहेत, म्हणजे सहाव्या पुरवणीच्या, ती अजून झालेली नाही. या नऊ वह्यांचं काय करावं हे मला सुचत नाही. बुद्धप्रियाला चित्रं येतात, आकडे येत नाहीत. आकडे ज्याला येतात त्याला मी देणार नाही. सबब या वह्या जाळून टाकाव्यात.

कलम ७. यज्ञेश रेणुकादास मुखेडकर, वय ३३, राहणार लातूर, व्यवसाय एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणे.

लांडगा पुरवणी ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाली. लेखक म्हणून आमची दोघांची नावं होती, माझं आधी. तिच्यात माळाचा एक नकाशा होता, ओढा, टेकाड, गुहा, सगळं दाखवणारा. तो मी काढला होता. छापण्याआधी यज्ञेश म्हणाला की खरी ठिकाणं नकोत, लोक शोधत येतील. पटलं. मी शेलवाडीचं कोरडवाडी केलं आणि ओढा उलट दिशेने वाहवला.

जानेवारी २०२२ मध्ये हैदराबादचे सहा खेळगडी दोन गाड्या घेऊन नेमके शेलवाडीच्या माळावर आले. त्यांना खरी गुहा बघायची होती. त्यांनी कॅमेऱ्याचं ड्रोन गुहेवर उडवलं. दिवस पिल्लांचे होते. मादीने भर दुपारी एकेक करून चारही पिल्लं तोंडात धरून शेजारच्या उसात नेली. तीन दिवसांनी तोडीच्या आधी तो फड पेटवला. पेटवणाऱ्यांना आत काय आहे हे माहीत नव्हतं. पिल्लं अण्णारावांनी पुरली. मादी आठवडाभर त्या जळक्या सऱ्यांतून हिंडत होती, हे मी स्वतः पाहिलं. त्या नोंदीवरून मी कोणताही आकडा लिहिला नाही.

जागा हैदराबादेत कोणी कळवली? यज्ञेश इंटरनेटवरच्या खेळाडूंच्या गटांमध्ये दिवसरात्र बोलत असे, फोटो टाकत असे. दुसरं कोण असणार? मी लातूरला गेले आणि त्याच्या तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "हो आत्या. माझ्याकडूनच झालं."

एवढंच. क्षमा मागितली नाही की कसं झालं ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेली नाही. आणि एवढ्यावर त्याचं भागलं नाही. मे महिन्यात दुसरी आवृत्ती निघाली. बुद्धप्रियाने आणून दिली. पहिल्या पानावर लेखक: यज्ञेश मुखेडकर. माझं नाव नाही. आत आभाराच्या पानावर तळाला एक ओळ: आत्याला, चहासाठी आणि गोष्टींसाठी. मी ते पुस्तक पुढे न वाचता रद्दीत फेकलं. सहा हिवाळे मी त्या माळावर बसून काढले होते. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराने आभार मानलेले पहिल्यांदा पाहिले.

त्याचं लग्न झालं, मी गेले नाही. बायकोचं नाव मुग्धा, पत्रिकेत वाचलं. मुलगी झाल्याचं कळलं, ती आता दोन वर्षांची असेल. भेटेल त्या प्रत्येक नातेवाइकाला मी सांगितलं आहे की माझ्या भाच्याने पिल्लंही मारली आणि पुस्तकही चोरलं.

सबब माझी इच्छा अशी की माझ्यामागे बुद्धप्रियाने लांडगा पुरवणीची तिसरी आवृत्ती काढावी. तिच्यावर एकट्या माझं नाव असावं. यज्ञेशचं नाव लेखक म्हणून नको, अनुवादक म्हणून नको, आभारातही नको.

११ तारखेचं लिखाण इथे थांबवते. उद्या कंधारला जाऊन अण्णारावांना स्कूटरचं आणि कस्तुराबाईंना खुर्चीचं सांगून यायचं आहे. माणसाला काय मिळणार ते आधी सांगितलेलं बरं, मागाहून तोंडं बघायला आपण नसतो.

कलम ८. दिनांक १३ नोव्हेंबर. वरची सात कलमं वकिलांनी फेरलिहायला सांगितली आहेत. मी फेरलिहिणार नाही आणि खाडाखोडही करणार नाही. मी काय काय म्हटलं होतं ते सगळ्यांना दिसू दे. जिथे वरची कलमं आणि इथून पुढची कलमं यांत फरक पडेल तिथे पुढची खरी धरावीत.

काल बसने कंधारला गेले, तिथून जीपने शेलवाडीला. ज्वारी पोटरीत आली आहे. अण्णारावांनी स्कूटरचं ऐकून मान हलवली आणि मग विचारलं की यज्ञेशभाऊला काय ठेवलं. मी सांगितलं, काही नाही, आणि का नाही तेही सांगितलं. अण्णाराव उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा कस्तुराबाई चहा गाळत होत्या, तर अण्णारावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, सांगून टाका आता.

अण्णाराव म्हणाले, "बाई, ते हैदराबादी पोरं पुस्तक उघडून आमच्या खांबापाशी उभे होते. खांबावरला नंबर अन् पुस्तकातला नंबर, बोट लावू लावू वाचून राहिले होते. कंधारात लाइनमनला त्योच नंबर दाखवून वाट इचारली म्हणले. यज्ञेशभाऊनं कुणाला काय बी सांगितलं न्हाई. नकाशा तुमचाच हाय ना?"

मी म्हटलं, नकाशा माझाच आहे.

माळावर झाड नाही की देऊळ नाही. शेताच्या बांधाला एक विजेचा खांब आहे, त्यावर पिवळ्या रंगात आकडे आहेत. माझी प्रत्येक नोंद त्या आकड्याने सुरू होते: खांब क्रमांक अमुक, त्याच्या पूर्वेस दोनशे पावलं. ठिकाण नसलेली नोंद मी मानत नाही, हे वर मोठ्या तोऱ्याने लिहिलं आहे. गावाचं नाव बदललं, ओढा उलटा केला, आणि वहीतून नकाशा उतरवताना खांबाचा नंबर सवयीने तसाच कोपऱ्यात लिहिला. यज्ञेशने तो पाहिला नाही, बुद्धप्रियाने पाहिला नाही. मी पाहिला आणि मला तो बरोबर वाटला.

पुढचं अण्णारावांनी थोडं थोडं करून सांगितलं. पोरं येऊन गेल्यावर त्यांनी यज्ञेशला फोन करून नंबराचं सांगितलं होतं. म्हणजे मी लातूरला गेले तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. नंतर वनखात्याचे लोक चौकशीला आले. हा नकाशा कोणाचा, हे लिखाण कोणाचं? यज्ञेशने लिहून दिलं की सगळं माझ्या एकट्याचं आहे, आत्याचा यात संबंध नाही, तिने फक्त गोष्टी सांगितल्या. त्या कागदावर अण्णारावांचीही सही आहे. लेखी जबाब एक आणि पुस्तकावर दुसरं असं नको, म्हणून दुसऱ्या आवृत्तीतून माझं नाव काढलं, आणि नकाशावरचा नंबरही. चौकशी पुढे मिटली. पण तो वर्षभर तारखांना हजर राहत होता, आणि मी तेवढं वर्षभर त्याला लोकांत चोर म्हणत होते.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. अण्णाराव म्हणाले, भाऊनं शपथ घातली. कस्तुराबाई जास्त स्पष्ट बोलल्या. "तुमाला कळलं असतं तर तुमी जेवण सोडलं असतं, बाई. त्यो म्हणला, आत्या त्या पिल्लांपायी मरून जाईल. रागावू दे माझ्यावर, म्हणला, रागानं माणूस जगतंय."

घरी येऊन पहिली आवृत्ती काढली. भिंग लागलं, पण नंबर आहे. अक्षर माझं आहे, चारचा आकडा मी असाच पाय मोडून काढते. बुद्धप्रियाकडून दुसरी आवृत्ती मागवली आणि नकाशाचं पान पाहिलं. तिथे कोपरा मोकळा आहे. रद्दीत फेकण्याआधी आठ पानं उलटली असती तर मला हे तेव्हाच कळलं असतं.

कलम ९. यज्ञेश, हे कलम तुझ्यासाठी आहे, वकिलांनी भाषा सुधारू नये.

मी तुला माफ केलेलं नाही. उलट काल बसमध्ये मला तुझा जितका राग आला तितका चोर समजत होते तेव्हाही आला नव्हता. तू मला विचारलं नाहीस. बासष्ट वर्षांची बाई होते मी, तान्हं मूल नव्हते. जेवण सोडलं असतं तर सोडलं असतं, ते माझं पोट होतं. चार पिल्लं माझ्या आकड्याने मेली, आणि त्यांच्यासाठी रडण्याचा हक्क माझा होता. तो तू परस्पर घेतलास आणि मला त्याच्या जागी राग दिलास. मी तो पावणेचार वर्षं जपला, गावोगाव वाटला. तुझ्या बापालाही त्याच्या वाट्याचा दिला. आता मला लाज वाटते, आणि लाज वाटायला लावलीस याचाही राग येतो.

तुझ्या लग्नाला यायला हवं होतं. तुझी मुलगी पाहायला हवी होती. हे मी कायद्याच्या कागदावर लिहीत आहे, म्हणजे नाकबूल करता येणार नाही.

सबब कलम १, ६ आणि ७ यांतील यज्ञेशबाबतचा मजकूर रद्द समजावा. नऊ वह्या जाळू नयेत, त्या यज्ञेशला द्याव्यात. त्याने खोकडाची पुरवणी पुरी करावी. आकडे कमीजास्त वाटले तर त्याने स्वतः तीनदा पाहून बदलावेत, माझा मान राखू नये. पाचही पुरवण्यांचे छपाईचे हक्क त्याला आणि बुद्धप्रियाला मिळून द्यावेत. रेणुकादासबाबत काही बदल नाही.

लांडगा पुरवणीची तिसरी आवृत्ती या दोघांनी काढावी, आणि ती पुढीलप्रमाणे असावी. लेखक म्हणून दोघांची नावं, यज्ञेशचं आधी. नकाशाखाली एकच नाव: विशाखा मुखेडकर. नकाशात नंबर नसावा. नकाशाच्या समोरच्या पानावर पुढील मजकूर जसाच्या तसा छापावा:

"पहिल्या आवृत्तीच्या नकाशात मी एका खांबाचा खरा क्रमांक लिहिला. त्यावरून माणसं गुहेपर्यंत पोचली. मादीने पिल्लं उसात हलवली आणि ती चारही जळून मेली. ही चूक माझी आहे. यज्ञेश मुखेडकर यांनी चौकशीत ती स्वतःवर घेतली, ते खरं नाही."

यज्ञेश हे छापायला कुरकुर करेल, हे मला माहीत आहे. मेलेल्या माणसाबद्दल कशाला, असं म्हणेल. तसं झालं तर वह्या आणि हक्क त्याच्याकडून काढून घ्यावेत. तो पुन्हा माझ्यावर दया करायला गेला तर त्याला एक पानही मिळू नये.

कलम १०. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी बुद्धप्रियाला नेमते. एक प्रत आजच स्पीड पोस्टाने यज्ञेशला लातूरला पाठवावी. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, हे मला माहीत आहे. हे आधी उघडावं. ऑपरेशन ९ डिसेंबरला आहे. तोवर त्याला भांडायचं असेल तर यावं. बरोबर मुग्धा आणि मुलगी असल्या तरी चालेल, घरात जागा आहे.

कलम ११. माझं जे जे होतं ते वर लिहिल्याप्रमाणे मी ज्याला त्याला दिलं आहे. लांडगा पुरवणीतली चूक मात्र मी कोणालाही देत नाही, यज्ञेशलाही नाही. ती त्याने माझ्या परस्पर घेऊन ठेवली होती. या लेखान्वये मी ती परत घेत आहे. त्यावर त्याचा किंवा त्याच्या वारसांचा कसलाही हक्क राहणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी मजकूर वाचलेला नाही, सही करताना फक्त मला पाहिलं आहे. राजश्रीताईंनी पाणी आणून दिलं, कारण मला धाप लागली होती. धाप हृदयाची आहे, अकलेची नाही.

(सही)
विशाखा नरहरराव मुखेडकर

साक्षीदार
१. (सही) भीमाशंकर शिवमूर्ती बिडवे, निवृत्त रेल्वे कर्मचारी, शेजारी, श्रीनगर, नांदेड
२. (सही) राजश्री अनंत टाकळीकर, शिक्षिका, शेजारी, श्रीनगर, नांदेड

स्थळ: नांदेड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५